श्रीलंकेतले दोन चष्मेवाले: ओळखायचे कसे?

आपल्या आंब्या-शेवग्यावर थव्याने दिसणारा चष्मेवाला पक्षी श्रीलंकेतही आहे. पण तिथल्या डोंगरांत त्याचा एक भाऊबंद राहतो, श्रीलंकन चष्मेवाला, जो जगात दुसरीकडे कुठेच सापडत नाही. डोळ्याभोवतीचं पांढरं कडं दोघांनाही असतं, त्यामुळे नुसतं कडं पाहून नाव लिहिलं की हमखास चूक होते.

आधी पाठ बघा. आपल्याकडच्या चष्मेवाल्याची पाठ उजळ पिवळसर हिरवी, तर श्रीलंकनची गडद, मळकट हिरवी. मात्र ढगाळ हवेत किंवा दाट सावलीत उजळ पाठही काळपट दिसते; तेव्हा एकट्या रंगावर विसंबू नका. श्रीलंकन थोडा मोठा आणि चोचीने दणकट असतो. डोळ्यापुढे कडं जिथे तुटतं, ती फटही त्याची जास्त रुंद, पण ती दिसायला दुर्बीण आणि पक्ष्याची कृपा, दोन्ही हवं. आवाजाचा भरवसा अधिक: श्रीलंकनची चिवचिव जाडसर.

नुवारा एलिया, हॉर्टन प्लेन्ससारख्या उंच भागात श्रीलंकनच अपेक्षित धरा, सखल भागात दुसरा. मधल्या उंचीवर दोघेही भेटतात. दिसायला इतके जवळचे, तरी डीएनएनुसार श्रीलंकन ही चष्मेवाल्यांच्या गटातली फार पूर्वी फुटलेली फांदी आहे.