आण्णांच्या स्वरयंत्राच्या कॅन्सरचं रेडिएशन – आमचा रिव्ह्यू (५ पैकी ४ स्टार)

स्वरयंत्राचा कॅन्सर पहिल्या स्टेजला सापडलाय आणि रेडिएशन घ्यायचं की ऑपरेशन यावर घरात चर्चा चाललीय, अशांसाठी लिहितेय. आम्ही वडिलांना रेडिएशन दिलं आणि वर्ष उलटून गेल्यावर सांगते, आमच्या केसमध्ये तेच बरोबर होतं.

आण्णा लासलगावला कांद्याच्या लिलावात बोली पुकारायचे, म्हणजे आवाजावरच घर चालायचं, आणि बिडीही होतीच. आवाज बसला की ज्येष्ठमध, गुळण्या सगळं होतं, पण तीन आठवड्यांच्या वर बसलेला राहिला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडून दुर्बिणीने बघून घ्याच. स्वरतंतूवर एवढुसं काही उगवलं तरी आवाज लगेच घोगरा होतो आणि तिथून मानेच्या गाठींत पसरायला वेळ लागतो, म्हणून हा कॅन्सर लवकर पकडता येतो. बायोप्सीनंतर आण्णांचा टी-वन-बी निघाला, म्हणजे दोन्ही तंतूंवर पण दोन्ही नीट हलत होते.

सेकंड ओपिनियनला परळच्या टाटा हॉस्पिटलला गेलो. गर्दी प्रचंड असते, दिवसभराची तयारी ठेवूनच जा. पण तिथे सर्जन आणि रेडिएशनचे डॉक्टर दोघांनी बघितलं, आणि या एका गोष्टीसाठी मी प्रत्येकाला सांगेन की दोघांना भेटल्याशिवाय काही ठरवू नका. सर्जननी लेसर समजावून सांगितला, तोंडातून जातात, बाहेर कुठे चिरा नाही, एक-दोन दिवसांत घरी, आणि पुन्हा उद्भवलं तर परत लेसर करता येतो किंवा रेडिएशन हातात शिल्लक असतं. रेडिएशन मात्र त्याच जागी सहसा पुन्हा देता येत नाही, नंतर परत आलं तर मोठं ऑपरेशन, कधी कधी अख्खं स्वरयंत्र काढावं लागतं. हे ऐकून मला लेसरच बरा वाटायला लागला होता. पण आण्णांचा आजार पुढच्या बाजूला, दोन तंतू जिथे जुळतात तिथपर्यंत गेलेला, तिथे कापलं की व्रण धरून तंतू एकमेकांना चिकटू शकतात आणि आवाज जास्त बिघडतो, म्हणून सर्जननीच सांगितलं की रेडिएशन घ्या. एकाच तंतूच्या मधोमध छोटासा असता तर लेसरने पटकन काम झालं असतं. बरं होण्याचं प्रमाण या स्टेजला दोन्हीकडे साधारण दहात नऊ.

ट्रीटमेंट नाशिकच्या एका सेंटरला घेतली, महात्मा फुले योजनेत बसली. आधी गरम पाण्यात मऊ केलेली जाळी चेहऱ्यावर दाबून मास्क बनवतात, रोज तो घालून टेबलाला फिक्स करतात, गुदमरत नाही पण घाबरायला होतं, पेशंटला आधी सांगून ठेवा. नेहमीचा एक कोर्स ६३ ग्रेचा (ग्रे म्हणजे रेडिएशनच्या डोसचं माप) असतो, २८ सिटिंग, आठवड्याला पाच. सिटिंगला काही दुखत नाही, १०-१५ मिनिटांत बाहेर. त्रास तिसऱ्या आठवड्यापासून सुरू होतो, घसा सोलल्यासारखा, घट्ट चिकट थुंकी, मानेची कातडी काळी पडते, आवाज तर आधीपेक्षाही बसतो, आणि कोर्स संपल्यावरही दोनेक आठवडे हे चालतंच. मऊ खिचडी, ताक, मिरची पूर्ण बंद, मानेला साबण-वस्तरा नाही. बिडी-सिगारेट चालू ठेवली तर रेडिएशनचा गुणही कमी येतो आणि त्रासही वाढतो, आण्णांनी सोडली.

सेंटरचं मशीन मध्ये बंद पडलं आणि आम्हाला नुसतं उद्या या म्हणून परत पाठवलं. या आजारात कोर्स लांबणं चांगलं नाही, मी डॉक्टरांना गाठून विचारलं तेव्हा कुठे शनिवारी भरून दिलं. असं झालं तर विचारा, गप्प बसू नका.

आवाज परत यायला काही महिने लागले. आता थोडा जाड आहे पण फोनवर पहिल्या शब्दाला ओळखू येतो, आणि लिलावाला परत उभे राहतात, माईक घेऊन. फॉलोअपला दुर्बीण चालूच आहे, थायरॉईडची टीएसएच टेस्टही करायला सांगितलीय कारण मानेच्या रेडिएशननंतर थायरॉईडचं काम कमी होऊ शकतं.

एक स्टार यासाठी कापला की आवाजाच्या व्यायामासाठी स्पीच थेरपिस्ट असतो हे सेंटरमध्ये कोणी सांगितलंच नाही, ते आम्हाला कोर्स संपल्यावर दुसरीकडून कळलं. तुम्ही पहिल्याच व्हिजिटला विचारून घ्या.