आठ मुक्कामांचे चार केले, तेव्हा कुठं सहल जमली

2024 च्या ऑगस्टमध्ये सहलीसाठी गावोगावचे गाईड गाठून देणारं एक ॲप मोबाइलवर घेतलं, 2025 च्या फेब्रुवारीत श्रीलंकेला जाऊन आलो आणि मे महिन्यात त्यावरूनच नणंदेच्या घरच्यांचं नेपाळ ठरवायला बसले. ॲपचं नाव लिहीत नाही, कारण तक्रारीही आहेत आणि अशी सगळी ॲपं थोड्याफार फरकानं सारखीच असतात. देश निवडा, गावं निवडा, प्रत्येक गावचा गाईड निवडा, त्याच्याशी बोला, पैसे भरा.

आम्ही चौघं. मी, हे, आठवीतला मुलगा आणि 68 वर्षांच्या सासूबाई. मुक्काम सात रात्रींचा. आणि माझी पहिली यादी आठ गावांची होती: नेगोंबो, जाफना, त्रिंकोमाली, सिगिरिया, कँडी, नुवारा एलिया, एला, गॉल. ॲप कशालाच नाही म्हणत नाही, उलट प्रत्येक गावाखाली ‘हेही पाहा’ म्हणून आणखी दोन सुचवतं. नकाशावर श्रीलंका इवलीशी दिसते, त्यामुळं आपल्यालाही वाटतं की बेळगावहून खानापूरला जाऊन आल्यासारखं होईल.

पाच गाईडना यादी पाठवली. चौघांनी तासाभरात ‘नो प्रॉब्लेम मॅडम’ कळवून दर सांगितले. कँडीच्या पाचव्यानं दुसऱ्या दिवशी उत्तर दिलं आणि निम्मी यादी खोडली. जाफना एका टोकाला, तिथं जायचं तर तेवढंच करा. त्रिंकोमालीच्या किनाऱ्यावर ईशान्य मान्सूनचा पाऊस फेब्रुवारीतही असू शकतो. तुमच्या तारखांना दक्षिण-पश्चिम बाजू आणि डोंगर चांगले. विमानतळ नेगोंबोजवळच आहे, तिथं रात्र घालवू नका, सरळ सिगिरिया गाठा. आणि शेवटी एक ओळ: 12 फेब्रुवारीला पोया आहे, पांढरे कपडे आणा.

पोया म्हणजे पौर्णिमा. तिथं दर पौर्णिमेला सार्वजनिक सुट्टी असते आणि दारूविक्री बंद. (ह्यांचा कँडीतल्या बिअरचा बेत तिथंच बारगळला.) ही गोष्ट बाकी चौघांना ठाऊक नसेल असं कसं म्हणायचं? पण सांगितली एकानंच. तेव्हापासून माझी निवडायची पद्धत ठरली. तारखा कळवायच्या आणि विचारायचं, ‘या दिवसांत काय करू नये?’ ज्याच्याकडं याचं उत्तर आहे, तो घ्यायचा. ॲपवरच्या ताऱ्यांना मी आता विचारत नाही, सगळ्यांनाच पावणेपाच असतात.

तिथल्या पर्यटन प्राधिकरणाचे परवाने वेगवेगळे असतात: देशभर चालणारा नॅशनल गाईड, गाडी चालवत माहिती देणारा शोफर गाईड, ठरावीक भागापुरता एरिया गाईड आणि एकाच स्थळापुरता साइट गाईड. ॲपवर चौघंही नुसतेच ‘लोकल गाईड’. कार्डचा फोटो मागून घ्या, देणारा लगेच देतो. आम्ही रस्त्यासाठी एक गाडीवाला घेतला आणि सिगिरिया, कँडी, गॉल इथं त्या-त्या गावचा माणूस.

फसगत झाली ती गाडीवाल्यात. सिगिरियाहून कँडीला येताना मातले लागतं, तिथं मसाल्यांच्या बागा. आमच्या यादीत बाग नव्हती, तरी ‘फक्त दहा मिनिटं’ म्हणून गाडी आत घातली. मग मिरीचा वेल, दालचिनीची साल, जायफळ असं करत दुकान, आणि दुकानात सांधेदुखीच्या तेलाची बाटली. किंमत ऐकून सासूबाई म्हणाल्या, “मिरीचा वेल बघायला समुद्र ओलांडून कशाला यायचं? खानापूरला भावाच्या बागेत पोफळी-पोफळीवर आहे.” दीड तास गेला. ॲपवर तक्रार केली तर ‘कार्यक्रमात किरकोळ बदल होऊ शकतात’ असं ठोकळेबाज उत्तर आलं, पैसे काही परत नाहीत. नंतर कळलं की ‘दुकानात थांबणं नको’ हे वाक्य बुकिंगआधीच चॅटमध्ये लिहून त्याच्याकडून हो म्हणवून घ्यायचं असतं. मेमध्ये पहिलं वाक्य तेच टाकलं.

पांढऱ्या कपड्यांचा विषय घरात आला तेव्हा सासूबाईंनी विचारलं होतं, “कुणाच्या मयताला निघालोय?” सासरे आहेत, आणि बाईनं पांढरं नेसायचं? शेवटी लाल काठाची मोतिया रंगाची शहापुरी साडी निघाली. पोयाच्या संध्याकाळी दळदा मालिगावाच्या, म्हणजे बुद्धाच्या दंतधातूच्या मंदिराच्या रांगेत हजारो माणसं पांढऱ्यात, हातात कमळं, आणि त्यांत तो एकच लाल काठ. गर्दीत आम्ही त्यावरूनच एकमेकांना हुडकत होतो. गाईडनं फुलं वाहण्याआधी नुसतं उभं राहायला सांगितलं, ढोल सुरू होईपर्यंत एक शब्द बोलला नाही. निघताना त्याला कुंद्याचा डबा दिला.

सिगिरियाचा गाईड बोलघेवडा. पाचव्या शतकात कश्यप राजानं या खडकावर राजवाडा बांधला, वर जायला बाराशेच्या आसपास पायऱ्या. सासूबाई खालच्या पाण्याच्या बागांत बसल्या. तिथली कारंजी पावसाळ्यात आजही उडतात म्हणे. वाटेतल्या आरशाच्या भिंतीवर आठव्या शतकापासून आलेल्या-गेलेल्यांनी वरच्या चित्रांतल्या बायकांवर कविता कोरल्यात. (आपल्या राजहंसगडावर नावं कोरणाऱ्यांनी निदान ओव्या तरी कोराव्यात.) मुलगा दमला तेव्हा गाईड सिंहलीत पायऱ्या मोजायला लागला: एक, देक, तुन, हतर, पह, हय, हत, अट, नवय, दहय. मुलगा थबकलाच. “आई, हे तर मराठीच की!”

दोन दिवसांनी उलटा प्रकार. कँडीहून पहाटे निघून नुवारा एलियाजवळच्या सीता अम्मन मंदिरात गेलो, तो सासूबाईंचा एकमेव हट्ट होता. चहामळ्यांमुळं तिथं तमिळ माणसं पुष्कळ. फुलवालीनं मूणु, नालु म्हणत हार मोजले आणि सासूबाई लगेच मूरु, नाल्कु करत कन्नडात घासाघीस करू लागल्या. दोघींचं जमलं. सीमाभागात वाढल्याचा असा फायदा कधी होईल असं वाटलं नव्हतं.

कँडी ते एला रेल्वेची राखीव तिकिटं महिनाभर आधी खुली होतात आणि लगेच संपतात, आमची हुकलीच. यावरही कँडीवाल्यानंच तोडगा काढला: देवळातून नानू ओया स्टेशनला या, तिथून बिनराखीव डब्यात चढा, सामान गाडीनं पुढं पाठवा. अर्धा वेळ उभं राहावं लागलं, पण डोंगराचा चांगला टप्पा तिथूनच पुढं आहे. एलाला गाईड घेऊ नका. 1921 चा नऊ कमानींचा पूल बघायला माणूस कशाला लागतो? रस्ता कुणीही दाखवतं.

गॉलला मात्र घ्याच, आणि किल्ल्याच्या आत राहणारा घ्या. पोर्तुगीज, मग डच, मग इंग्रज हे कुठंही वाचायला मिळतं. आमच्या माणसानं तटावर उभं राहून 2004 च्या त्सुनामीत बाहेरचं नवं शहर कसं बुडालं आणि डचांच्या भिंतींमुळं आतली घरं कशी वाचली, हे बोट दाखवून सांगितलं. बेळगावच्या किल्ल्यात पाहुण्यांना मी दहा मिनिटांत कमल बस्तीचं जैन मंदिर दाखवून परत आणते, ते आठवून जरा ओशाळले.

किरकोळ: ईटीए, म्हणजे प्रवासाची ऑनलाइन परवानगी, सरकारी साइटवरूनच भरा, तशाच दिसणाऱ्या खासगी साइट जादा पैसे घेतात. सिगिरियाला पासपोर्ट जवळ ठेवा, सार्क देशांना तिकीट स्वस्त आहे. ॲप डॉलरमध्ये पैसे कापतं, वर बँकेचा आकार वेगळा.

मेमध्ये नणंदेचं नेपाळ ठरवताना काठमांडूच्या एका गाईडला सात ठिकाणांची यादी पाठवली होती. दुसऱ्या दिवशी तिचा फोन.

“वहिनी, हा बाबा लुंबिनी नको म्हणतोय. पाच दिवसांत नुसतं गाडीत बसणं होईल म्हणे.”

“मग वन्सं, यालाच धरा.”