टीव्हीचा सप्लाय गेला: कॅपॅसिटर बदलायचे की युनिव्हर्सल बोर्ड बसवायचा?

आठ-दहा वर्षांचा एलईडी टीव्ही. लाल दिवा लुकलुकतो, सेट उठत नाही, मागचं झाकण काढलं की डोकं फुगलेले दोन-तीन कॅपॅसिटर दिसतात. मग दोन सल्ले मिळतात: कॅपॅसिटर बदला, नाहीतर बोर्डच काढून युनिव्हर्सल एसएमपीएस (बऱ्याच सेटना चालणारा तयार पॉवर सप्लाय बोर्ड) टाका. आमच्याकडे हॉलमध्ये पहिला इलाज झालाय, बेडरूममध्ये दुसरा. (नवाच घ्या, हा दुकानदाराचा सल्ला सध्या बाजूला ठेवू.)

युनिव्हर्सलची सोय नाकारता येत नाही. ५, १२, २४ व्होल्ट तयार मिळतात, कारागीर तासाभरात मोकळा होतो. भोकं जुळत नाहीत, बोर्ड दोन स्क्रूंवर तिरका बसतो. तेही चालून जातं. मला खुपलं ते वेगळंच. बऱ्याच सेटमध्ये बॅकलाइटचा (पडद्यामागच्या एलईडी पट्ट्यांचा) ड्रायव्हर, म्हणजे त्यांना करंट पुरवणारं सर्किट, मूळ सप्लाय बोर्डावरच असतो आणि प्रकाश किती हवा हे मेन बोर्ड त्याला डिमच्या वायरने सांगतो. युनिव्हर्सलबरोबर ड्रायव्हर वेगळा येतो आणि ही वायर अनेकदा थेट ५ व्होल्टला बांधून टाकतात. बॅकलाइट कायम पूर्ण. मेनूत आकडा खाली आणा, काळं करडंच राहतं. रात्री दिवे मालवून बातम्या बघताना डोळे चुरचुरतात, आणि एलईडी पट्ट्या सतत पूर्ण करंटवर तापतात त्या वेगळ्या. सगळेच असं जोडत नसतील, पण आमच्याकडे तसंच झालं.

कॅपॅसिटर बदलायला खर्च किरकोळ, चिकाटी मात्र लागते. ४०० व्होल्टवाला मोठा कॅपॅसिटर आधी डिस्चार्ज करायचा, म्हणजे त्यात साठलेली वीज उतरवायची. २३० व्होल्टच्या लाइनवर तो सव्वातीनशेपर्यंत भरलेला असतो. फुगलेले तेवढेच बदलून थांबू नये. प्रायमरीच्या (मेन्सकडच्या बाजूच्या) कंट्रोल आयसीजवळचा २२ किंवा ४७ मायक्रोफॅरडचा छोटा कॅपॅसिटर दिसायला ठणठणीत असतो, आत ईएसआर (अंतर्गत रोध) चढलेला, आणि सेट उठत नाही तो त्याच्यामुळे. लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत घ्याल तेव्हा १०५ अंशाचा, लो-ईएसआर मागा. हॉलचा टीव्ही त्यानंतर कुरकुरलेला नाही आणि त्याचा बॅकलाइट कमी-जास्त होतो!

कॅपॅसिटर लवकर जावेत म्हणून कंपन्या ते मुद्दाम तापणाऱ्या जागी बसवतात का? ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी उतरलं की इलेक्ट्रोलिटिकचं (हेच फुगणारे कॅपॅसिटर) आयुष्य दुप्पट होतं. १०५ अंशाला २००० तासांचा कॅपॅसिटर ६५ अंशाला ३२,००० तास जातो. रोज आठ तास धरले तर जवळपास अकरा वर्षं. तोच हीटसिंकला (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या तुकड्याला) खेटून ८५ अंशात ठेवला तर ८,००० तास, म्हणजे तीन वर्षंही नाहीत. कट असेलच असं नाही. काटकसर आणि जागेची ओढाताणही असेल. पण पलीकडे बोटभर जागा रिकामी असताना कॅपॅसिटर हीटसिंकलाच चिकटलेला पाहिला की शंका येते खरी.

बोर्डाचे ट्रॅक जळून कोळसा झाला असेल तर मात्र युनिव्हर्सलच घ्या. फक्त कारागिराला आधी विचारून ठेवा, डिमची वायर कुठे जोडणार.