जुनी आरसी बग्गी घेताय? कुरिअरच्या पावतीवरचं वजन आधी बघा

६६,३५० रुपये. जुनी आरसी, म्हणजे रिमोटवर चालणारी, बग्गी घ्यायला गेलो आणि फसून एवढे घालवले. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण हल्ली जो भेटतो तो गालातल्या गालात हसत हेच विचारतो. हिशोब असा: अ‍ॅडव्हान्स १५,०००, शर्यतीची प्रवेश फी १,८००, 'कंट्रोल टायर' आणि ट्रान्सपाँडरचे (फेऱ्यांची वेळ मोजायला गाडीत बसवतात ते यंत्र) ६,२००, गाडीचे उरलेले ३८,५००, आणि शेवटी 'ट्रान्झिट इन्शुरन्स' म्हणून ४,८५०. बेरीज करून बघा. मी झोपेतसुद्धा करतो.

'रिमोटची गाडी' म्हटल्यावर ज्यांना जत्रेतलं खेळणं आठवतं, त्यांच्यासाठी दोन ओळी. वन-एट (खऱ्या गाडीच्या एक-अष्टमांश मापाची) इलेक्ट्रिक बग्गी म्हणजे बॅटरीसकट साडेतीन-चार किलोचं यंत्र. तीन डिफरन्शियल (वळणावर चाकांना वेगवेगळा वेग देणारे गिअर, आम्ही 'डिफ' म्हणतो), तेल भरलेले चार शॉक, ब्रशलेस मोटर, ४एस लिपो म्हणजे चार सेलची लिथियम-पॉलिमर बॅटरी. मी कुपवाड एमआयडीसीत टूलरूममध्ये आहे, त्यामुळं हे यंत्र उघडून बघितलं तेव्हाच नाद लागला. कवलापूरच्या जुन्या विमानतळाच्या माळाकडं आम्ही तिघं-चौघं रविवारी जातो. मुरूम टाकून दोन जंप केलेत, वळणं दाखवायला ड्रेनेजचा जुना पाईप अंथरलाय. माझ्याकडं वन-टेन (एक-दशांश मापाची) फोर-व्हील आहे, तिच्यावर सगळा सराव. जंपवरनं गाडी उडाली की हवेत थ्रॉटल दिला तर नाक वर येतं, ब्रेक मारला तर खाली जातं, हे बोटांत बसायलाच पावसाळा गेला. मग वाटलं, आता वन-एट घ्यावी आणि एखाद्या खऱ्या शर्यतीत उतरावं. यात चुकीचं काय होतं, सांगा.

नवीन का नाही घेतली, असं विचारणाऱ्यांनी बाहेरून गाडी मागवून बघावी. २०२० च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरची कस्टम ड्युटी २० टक्क्यांवरून ६० झाली, २०२३ ला ७०. २०२१ पासून वर बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्युरोच्या प्रमाणपत्राची अट. आपली गाडी सरकारदरबारी खेळण्यातच मोडते. म्हणून या नादातली निम्मी माणसं जुन्या गाड्यांवर जगतात, आणि व्यवहार व्हॉट्सअ‍ॅपवर, फोटो बघून, आधी पैसे देऊनच होतो. माझी वन-टेन मी अशीच नाशिकच्या एका माणसाकडून घेतली होती, न भेटता. गाडी चोख आली, वर त्यानं दोन पिनियन (मोटरवरचे छोटे गिअर) फुकट टाकले होते. त्यामुळं 'आधी पैसे दिलेच कशाला' हे ऐकवू नका. असंच चालतं.

बग्गी विकणारा हा गडी पुण्याचा म्हणाला. जर्मनीला बदली झालीय, सगळा सेट काढायचाय. बोलणं एकदम मुरलेल्या माणसाचं. डिफला तेल कुठलं, विचारलं तर लगेच 'पुढं पाच हजार, मध्ये सात, मागं तीन'. हे आकडे तेलाच्या घट्टपणाचे. आता कळतंय की हे कुठल्याही व्हिडिओत ऐकायला मिळतं. पण तेव्हा मी त्याच रात्री तिन्ही तेलांच्या बाटल्या मागवल्या. अजून कपाटात आहेत, सील न फोडता.

लिपोचा फोटो मागितला तर त्यानं चार्जरवर लावून पाठवला. १६.८ व्होल्ट. 'दिवाळीपासून हात लावला नाही दादा, तरी फुल आहे बघा.' मी खूश! ४एस फुल चार्ज म्हणजे १६.८ हे शाळकरी पोरालाही पाठ असतं. पण शर्यतीतला कुठलाही माणूस लिपो महिनोन् महिने फुल भरून ठेवत नाही, फुगते ती. स्टोरेजला सेलमागं ३.८, म्हणजे १५.२ च्या आसपास ठेवतात. हे मी स्वतः दर रविवारी संध्याकाळी करतो. फोटो कुठून तरी उचललेला होता आणि त्याला जोडलेलं वाक्य त्याच्या मनाचं होतं.

अ‍ॅडव्हान्स गेल्यावर शर्यत निघाली. फेब्रुवारीत, कराडजवळ, तीन दिवस. क्वालिफाइंगच्या पाच मिनिटांच्या हीट, मग ए-मेन, बी-मेन या अंतिम शर्यती. 'मी गाडी विकतोय, पण नियोजनात आहे, तुमची एंट्री धरून ठेवतो.' टायर सगळ्यांना एकच, ते आयोजकांकडूनच घ्यायचे. आता कंट्रोल टायर ही काही थाप नाही, जगभरच्या शर्यतींत खर्च आटोक्यात ठेवायला असा नियम असतो. म्हणूनच घशाखाली उतरलं. फक्त मी एक विचारलं होतं: माती कसली आहे? काळी की मुरूम? पाणी मारणार का? ट्रॅक कोरडा असेल तर टायर वेगळा, ओलसर असेल तर वेगळा, रेसरचा पहिला प्रश्न हाच असतो. उत्तर आलं: 'एकदम इंटरनॅशनल ट्रॅक आहे दादा.' कराडची माती इंटरनॅशनल! आयोजकाला मातीचं नाव सांगता येत नसेल तर तिथं एक रुपया भरू नका. ट्रॅकवर उभं राहून व्हिडिओ कॉल करायला सांगा. मार्शल कोण लावणार ते विचारा. खऱ्या शर्यतीत आपली हीट संपली की आपणच पुढच्या हीटला उलटलेल्या गाड्या सरळ करायला उभे राहतो. हे ज्याला माहीत नाही तो आयोजक नाही.

आता पावती. यावर मी रोज स्वतःला खातो.

उरलेले ३८,५०० देण्याआधी मी कुरिअरची पावती मागितली. तेवढी अक्कल होती. आली. खोक्याचं माप ६० बाय ३५ बाय २५ सेंटिमीटर, वजन १.९५० किलो. मी दिवसभर काय करतो? दोन मायक्रॉनसाठी जॉब परत मशीनला लावतो. आणि मला १.९५० दिसलं. दिसलं नाही असं नाही, मी विचारलंसुद्धा. बग्गी, रेडिओ, चार्जर, चार जादा टायर मिळून सहा किलोच्या खाली येणारच नाही, मग दोन किलोही कसं भरत नाही? तो म्हणाला, 'दादा, ते व्हॉल्यूमेट्रिक वेट असतं.' आणि मी, डिप्लोमा झालेला माणूस, 'अच्छा' म्हणालो. व्हॉल्यूमेट्रिक वजन म्हणजे लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची भागिले ५,०००. त्या खोक्याचं येतं साडेदहा किलो! मोबाईलवर हिशोब करायला अर्धा मिनिट लागला असता. पण तेव्हा सेकंड शिफ्ट चालू होती, हातात चहा होता, सुपरवायझर डोक्यावर उभा, आणि हा सारखा 'दादा, गाडीला दुसरं गिऱ्हाईक आहे' म्हणत होता. अशा वेळी कोण भागाकार करतं? गेले ३८,५००.

मग म्हणाला, खोकं कुरिअरच्या हबला अडकलं, इन्शुरन्स लागेल, पोचल्यावर परत मिळेल. तोवर ६१,५०० अडकलेले. ४,८५० साठी मागं हटायचं? खात्यावरचं नाव वेगळंच होतं हेही दिसलं होतं. 'मेव्हण्याचं खातं आहे' म्हणाला. लोकांचे मेव्हणे नसतात का?

खोक्यात ब्रश मोटरची प्लॅस्टिकची गाडी निघाली, पेन्सिल सेलवर चालणारी. चाकाचा हेक्स (चाक बसतं तो षटकोनी भाग) १२ मिलिमीटर, टायरमध्ये फोमसुद्धा नाही. मी वन-एटला लागतो तो १७ मिलिमीटरचा पाना हातात घेऊन दारात उभा. घरात अजून सगळा आकडा सांगितलेला नाही. हे वाचून कळलं तर कळू दे.

इथपर्यंत चोर एकच होता. पुढं ज्यांनी मला फिरवलं त्यांचा मला जास्त राग आहे.

बँकेत गेलो. 'पिन तुम्हीच टाकलाय ना? मग व्यवहार अधिकृत आहे.' विषय संपला. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, तक्रार नोंदली, क्रमांक मिळाला. पैसे जाताच पहिल्या तासात फोन करा, असं सगळे सांगतात. अहो, पण खोकं हातात येईपर्यंत फसलोय हे कळणार कसं? तोवर पैसे चार खात्यांतून फिरून कुठं गेले असतील देव जाणे. तुम्ही मात्र संशय येताक्षणी फोन करा, खोक्याची वाट बघू नका. खोकं उघडतानाचा व्हिडिओ सलग घ्या, वजनकाट्यासकट. माझा व्हिडिओ अर्धाच आहे.

पोलीस ठाण्यात गेलो. हवालदारसाहेबांनी खोक्यात डोकावून विचारलं, 'खेळण्यातली गाडी हाय नव्हं ही? आन् सहासष्ट हजार?' शेजारच्या टेबलावरचेही हसले. मी सांगितलं, साहेब, मातीवरच्या रिमोट बग्ग्यांची वर्ल्ड चॅम्पियनशिप १९८५ ला अमेरिकेत झाली होती, तेव्हापासून होतीये. अजून हसले. आमच्या भागात शर्यतीच्या बैलाला कुणी लाखो रुपये मोजले तर त्याच्याबरोबर फोटो काढतात. माझा छंद तेवढा पोरकट!

मग साहेब म्हणाले, माल पोचलाय ना? मग ही दिवाणी बाब आहे, ग्राहक मंचात जा. म्हणजे चोरानं १.९५० किलोचं खेळणं पाठवलं ते यासाठीच. रिकामा हात दाखवला असता तर गुन्हा, कचरा पाठवला तर व्यापार. दुसऱ्या वेळी गेलो तर 'तो पुण्याचा, तिकडं तक्रार द्या'. खातं परराज्यातलं आहे म्हटल्यावर 'मग तर तिकडंच'. मी कलमं वाचून गेलो होतो. भारतीय न्याय संहितेचं ३१८ म्हणजे फसवणूक, आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ प्रमाणं गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, माहिती घ्यावी लागते. तर म्हणाले, 'तुम्ही वकील आहात का?' अर्ज घेतला, पोच द्यायला शिक्का सापडेना. जेवणाची सुट्टी झाली तरी सापडेना. शेवटी १७३(४) खाली पोलीस अधीक्षकांच्या नावानं टपालानं अर्ज पाठवलाय, पोचपावती जपून ठेवलीय. तुम्हीही तोंडी काही सांगत बसू नका, लेखी द्या, दोन प्रती न्या, आणि 'खेळणं' हा शब्द तोंडातून काढू नका. 'स्पर्धेचं उपकरण' म्हणा.

गाडी बघायची असेल तर व्हिडिओ कॉलवर चाक काढायला लावा, हेक्स दाखवायला लावा, मध्यल्या डिफचं झाकण उघडायला लावा. खऱ्या मालकाला दहा मिनिटं लागतात, तो हौसेनं दाखवतो. टाळाटाळ केली की फोन ठेवा. पुणं लांब नाही, सकाळच्या एसटीनं जाऊन रात्री परत येता येतं. मला रजा मिळाली नव्हती, ही गोष्ट वेगळी.

कोल्हापूरच्या एका पोराला परवाच तेच फोटो आलेत, नवीन नंबरवरून, आता किंमत ४९,००० आहे. निळी-पांढरी बॉडी, मागच्या विंगचा उजवा कोपरा तुटलेला आणि तिथं काळा झिप टाय. ही गाडी कुणाची तरी खरी आहे, फोटो त्याच्याकडून चोरलेत. तो मालक हे वाचत असेल तर कृपया मेसेज करावा. 'गाडी माझी आहे, विकायला काढलेली नाही' एवढं एका कागदावर सही करून दिलंत तर मी तो अर्जाला जोडतो. मग दिवाणी बाब कशी म्हणतात ते बघू.