जाहिराती बंद करायला गेलो आणि तात्यांच्या बिलाचे पैसे गेले

औशाजवळ माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. काही साइटवर जाहिरातींचा एवढा भडिमार, की 'डाउनलोड'ची चार हिरवी बटणं दिसायची, त्यातलं खरं एकच. वैतागून क्रोमच्या स्टोअरमध्ये 'अ‍ॅड ब्लॉकर' शोधलं आणि ओळखीच्या नावाशी मिळतंजुळतं एक्स्टेंशन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम, टाकलं. बनवणारा कोण, ते पाहिलंच नाही. 'सर्व वेबसाइटवरचा तुमचा डेटा वाचणे आणि बदलणे' अशी परवानगी मागितली, तीही दिली.

जाहिराती खरंच गेल्या. मी इतका खूश, की शेजारच्या झेरॉक्सवाल्यालाही तेच टाकून दिलं.

तीन आठवड्यांनी भर दुपारी तात्या दारात उभे. "लेकरा, वायरमन लाइट तोडाय आलता की. तू तर भरलं म्हनलास."

पावती होती, 1,870 रुपये कापले गेले होते. पण साइटच्या पत्त्यात एक अक्षर जास्त होतं. महावितरणच्या साइटवर ग्राहक क्रमांक टाकला की बिलाची रक्कम आपोआप येते. इथे ती मी हाताने टाकली होती. तेव्हाच हात थांबायला हवा होता. एक्स्टेंशन काढून, बिल भरताना शोधले होते तेच शब्द पुन्हा शोधले, तर ती साइट आलीच नाही. म्हणजे जाहिराती लपवता लपवता ते शोधाचे निकालही बदलत होतं.

1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करून तक्रार नोंदवली. पैसे अजून आलेले नाहीत. तात्यांचं बिल त्याच दिवशी मी माझ्या खिशातून भरलं.

नंतर वाचत गेलो तेव्हा कळलं, हे जुनंच आहे. 2018 मध्ये अ‍ॅडगार्ड या जाहिरात-ब्लॉकर बनवणाऱ्या कंपनीच्या लोकांनी क्रोम स्टोअरमधले पाच बनावट ब्लॉकर उघडे पाडले, ते वापरणारे 2 कोटींहून जास्त होते. 2020 मध्ये नॅनो अ‍ॅडब्लॉकर हे चांगलं चालणारं एक्स्टेंशन नव्या मालकांना विकलं गेलं आणि लोकांच्या इन्स्टाग्रामवरून परस्पर लाइक जाऊ लागले. म्हणजे आज चांगलं असलेलं उद्याही चांगलंच राहील, असं नाही.

जाहिरात अडवायची तर बहुतेक ब्लॉकरना पान वाचावं लागतं, त्यामुळे चांगलाही बहुधा तीच परवानगी मागतो. म्हणून बनवणाऱ्याचं नाव बघा. मी आता रेमंड हिल यांचं युब्लॉक ओरिजिन हे ब्लॉकर फायरफॉक्स ब्राउझरवर वापरतो. ते फुकट आहे, देणगीही घेत नाहीत, कोड सगळ्यांना खुला आहे. नुसतं 'युब्लॉक' हे वेगळं, 'ओरिजिन' शब्द हवाच. क्रोमवर मूळ ओरिजिन आता चालत नाही, त्याचं 'लाइट' रूप मिळतं.

संशय आला तर आधी एक्स्टेंशन काढा, मग दुसऱ्या मशीनवरून पासवर्ड बदला. झेरॉक्सवाल्याचं मी त्याच संध्याकाळी काढलं. त्याच्या मशीनवर बँकेचं खातं उघडंच होतं.