घाटासाठी बदललेले ब्रेक : 14 महिने आणि 13,000 किलोमीटरनंतरचा अनुभव

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये मी माझ्या 1.2 लिटर टर्बो पेट्रोल हॅचबॅकच्या पुढच्या चाकांचे ब्रेक पॅड, ब्रेक ऑइल आणि चारही चाकांपर्यंत ते ऑइल नेणारे होज पाइप बदलून घेतले. त्यानंतरच्या 13,000 किलोमीटरमध्ये पुण्यातली रोजची वाहतूक, आंबेनळी घाटाच्या नऊ फेऱ्या, एक संपूर्ण पावसाळा आणि चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवरचा एक दिवस असे सगळे घडले. त्यामुळे आता लिहायला हरकत नाही.

हा खर्च करावासा वाटला तो एका प्रसंगामुळे. महाबळेश्वरहून पोलादपूरकडे आंबेनळी घाट उतरताना एका संथ एसटीच्या मागे मी बराच वेळ ब्रेकवर पाय ठेवूनच गाडी चालवली आणि घाट संपत आला असताना पेडल स्पंजासारखे खाली गेले. दोन-तीन वेळा दाबल्यावर थोडा दाब आला, गिअर पहिल्यावर घेतला आणि गाडी डोंगराच्या अंगाला लावून थांबवली. अर्ध्या तासाने पेडल पूर्ववत झाले. थंड झाल्यावर दाब परत येणे ही ब्रेक ऑइल उकळल्याची खूण आहे. द्रव दाबला जात नाही म्हणून पायाचा जोर कॅलिपरपर्यंत, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागापर्यंत पोहोचतो. त्यात वाफेचे बुडबुडे झाले की तो जोर बुडबुडे दाबण्यातच संपतो. माझ्या गाडीत चार वर्षांचे जुने ऑइल होते. ती हयगय सर्वस्वी माझी होती.

या घाटात ब्रेकवर किती भार येतो, याचा हिशेब मी घरी येऊन केला. माणसे आणि सामान धरून 1,200 किलोची गाडी सुमारे 1,200 मीटर खाली येते, तेव्हा जवळपास 14 मेगाज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. हीच गाडी ताशी 100 किलोमीटर वेगावरून थांबवली, तर ब्रेक साधारण 0.46 मेगाज्यूल शोषतात. म्हणजे हा एक घाट उतरणे हे 100 च्या वेगावरून तीस वेळा थांबण्याइतके काम आहे. त्यातला काही वाटा हवा आणि इंजिन उचलतात. चालक गाडी वरच्या गिअरमध्ये ठेवून उतरला, तर उरलेले सगळे पुढच्या डिस्क आणि मागच्या ड्रमच्या माथी येते.

तिन्ही बदलांत सर्वाधिक गुण आला तो सर्वांत स्वस्त वस्तूचा, म्हणजे ऑइलचा. डॉट 4 दर्जाच्या ऑइलचा उत्कलनबिंदू नवे असताना किमान 230 अंश सेल्सिअस असावा लागतो, पण ते हवेतली आर्द्रता ओढून घेते आणि पाण्याचे प्रमाण पावणेचार टक्क्यांच्या आसपास गेले की हीच किमान मर्यादा 155 अंशांवर येते. आपल्याकडच्या पावसाळ्यात ही घसरण गृहीतच धरावी. मी मोतुल आरबीएफ 600 भरले, ज्याचा कोरा, म्हणजे आर्द्रता शोषण्याआधीचा, उत्कलनबिंदू 312 अंश आहे. नऊ फेऱ्यांमध्ये पेडल एकदाही मऊ पडले नाही. घाटमाथ्यावर पाऊल जिथे टेकते, तिथेच ते पायथ्याशीही टेकते, आणि ब्रेककडून मला हवे होते ते नेमके हेच.

पॅडविषयी मात्र सावधपणे लिहावे लागेल. पहिल्या दिवशी ते रिकाम्या रस्त्यावर 80 वरून 30 पर्यंत वेग कमी करत, पूर्ण न थांबता, दहा-बारा वेळा रुळवून घेतले. हे केल्याशिवाय पॅडचा थर डिस्कवर समान बसत नाही. गरम झाल्यावर त्यांची पकड उत्तम आहे. डिसेंबरच्या सकाळी सोसायटीच्या फाटकापाशी मात्र पहिले दोन ब्रेक लाकडासारखे लागतात, कमी वेगात किंचाळण्याचा आवाज येतो आणि पुढची अलॉय चाके आठवड्यात काळी पडतात. शिवाय थांबण्याचे अंतर कमी झालेले नाही, आणि तशी अपेक्षाही कोणी ठेवू नये, कारण एबीएस (चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) लागल्यानंतर मर्यादा टायरची असते. फक्त पुढचेच पॅड अधिक पकडीचे केल्याने ब्रेकचा तोल आणखी पुढे सरकतो आणि ओल्या रस्त्यावर एबीएस पूर्वीपेक्षा लवकर जागे होते, हेही पावसाळ्यात स्पष्ट जाणवले.

स्टीलच्या जाळीचे होज पाइप बसवल्याने पेडल किंचित घट्ट झाले. केवळ घाटासाठी तेवढा खर्च आवश्यक नव्हता.

इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक सुमारे 3.7 किलोमीटरचा आहे. तिथे मी चार फेऱ्या जोरात आणि पाचवी ब्रेक थंड करण्यासाठी सावकाश, असे चक्र ठेवले. पुढचे ब्रेक दिवसभर एकसारखे राहिले. ड्रममधून मात्र दुपारी वास येऊ लागला. ड्रममध्ये उष्णता आतच कोंडते. 1953 मध्ये जॅग्वारने ल मांची 24 तासांची शर्यत डिस्क ब्रेकच्या सी-टाइपवर जिंकली, तेव्हा प्रतिस्पर्ध्यांपेक्षा उशिरा आणि तरीही तासन् तास त्याच खात्रीने ब्रेक लावता येणे हे त्या गाडीचे मोठे बळ होते. ही गोष्ट मी अनेकदा वाचली होती. पण पाचव्या फेरीत उघड्या डिस्कचा आणि बंद ड्रमचा फरक स्वतः अनुभवल्यावर ती खऱ्या अर्थाने पटली.

ज्यांची गाडी शहराबाहेर क्वचितच जाते, त्यांनी मूळ पॅडच ठेवावेत आणि फक्त दर दोन वर्षांनी ऑइल बदलावे. सह्याद्रीत वारंवार उतरणाऱ्यांनी आधी ऑइल बदलून दुसऱ्या गिअरमध्ये उतरून पाहावे, थोडा वेळ ठामपणे ब्रेक लावून पूर्ण सोडण्याची सवय लावावी, आणि एवढे करूनही पॅड कमी पडले तरच ते बदलावेत. माझ्या गाडीत आतल्या बाजूचे पॅड बाहेरच्यापेक्षा एक मिलिमीटर जास्त झिजले आहेत. मेकॅनिकने कॅलिपरच्या पिना साफ करून ग्रीस लावले आहे, आणि 3,000 किलोमीटरनंतर जाडी पुन्हा मोजायची आहे.