स्ट्रेंजर थिंग्ज: पहिल्या सीझनची सलामी सरस की चौथ्याची?
नेटफ्लिक्सवरच्या या भयमालिकेचे दोन्ही भाग उघडतात हॉकिन्स या काल्पनिक गावातल्या प्रयोगशाळेत, पण घाबरवण्याची रीत वेगळी. २०१६ च्या भागात पळणारा शास्त्रज्ञ लिफ्टमध्ये वर खेचला जातो; खेचणारा दिसत नाही. पुढे शेडमध्ये शाळकरी विल बंदूक रोखून उभा, डोक्यावरचा बल्ब प्रखर होत जातो आणि पोरगा गायब! सगळी मदार दिवा, आवाज आणि रिकाम्या जागेवर. पन्नास मिनिटांच्या आत काम फत्ते.

२०२२ ची सलामी चांगली सव्वा तासाची. पात्रं हॉकिन्स आणि कॅलिफोर्नियात विखुरलेली, त्यामुळे मधला भाग रेंगाळतो; एकेकाळी मनानं वस्तू हलवणाऱ्या इलेव्हन या मुलीचा शाळेतला छळ तर ताणलाच आहे. पैसे वसूल होतात संकलनात. बास्केटबॉलची फायनल आणि डंजन्स अँड ड्रॅगन्स या फाशांच्या कल्पनाखेळाचा डाव आलटून पालटून येतात. एरिकाच्या फाशावर वीस, म्हणजे सर्वात मोठं दान, आणि लूकसचा शेवटचा बास्केट एकाच दमात. शेवटी चीअरलीडर क्रिसीची हाडं मोडतात ती थेट डोळ्यांसमोर. तिला जंगलात दिसलेलं घड्याळ आधीच पेरलेलं असल्यानं हा धक्का नुसत्या किळसेवर थांबत नाही.

तरी बांधणीत पहिलाच सरस. चौथ्यापासून बघायला बसलात, तर इलेव्हनची शक्ती गेल्याचं दुःख समजणारच नाही.